खडूनं लिहिलेलं नाव : चोपड्यातल्या दोन मोटरींची अदलाबदल

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात पाच-सहा दुकानांचा जमाखर्च लिहितो. त्यातलं एक दुकान सबमर्सिबल मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे बोअरच्या पाण्यात बुडून चालणारी मोटर जळाली की तिची तार नव्यानं गुंडाळून देणारं, सोबत पाइप, केबल, स्टार्टर, ठिबकचं किरकोळ सामान. मे महिन्याची वही पुढ्यात घेतली तेव्हा 'किरकोळ खर्च' या खात्यावर पाठोपाठच्या दोन-तीन दिवसांत चार नोंदी दिसल्या. मोटर काढणे-सोडणे १,८००. टेम्पो ९००. पेट्रोल ३००. आणि चौथी, 'आबांना परत ६,५००'. किरकोळ खर्चात चहा, झाडू, पावतीपुस्तकं असतात. साडेनऊ हजार रुपये त्यात बसत नाहीत, म्हणून मी मालकांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "पोऱ्याला विचारा." पोऱ्याला विचारलं, मग मिस्त्रींना, आणि पुढं निमित्त काढून दोन्ही शेतकऱ्यांनाही. नावं कुणाचीच घेत नाही.

चूक कशी झाली ते आधी सांगतो, कारण ती फार साधी होती.

आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन आठवडा झाला होता. पारा ४४-४५ च्या आसपास. या दिवसांत आमच्याकडं मोटरी जळण्याचा हंगाम असतो. बोअरचं पाणी खाली गेलेलं, लाइनीला व्होल्टेज नाही, आणि केळीला तर रोज पाणी पाहिजे. दुकानाच्या ओट्यावर एका वेळी दहा-बारा मोटरी आडव्या पडलेल्या असतात. प्रत्येकीवर खडूनं शेतकऱ्याचं आडनाव नि गाव लिहायचं, ही दुकानाची वीस वर्षांची पद्धत. पण रिवाइंडिंग झाल्यावर सबमर्सिबल मोटरीत पाणी भरतात आणि ती हौदात बुडवून चालवून बघतात. हौदातून निघालेल्या मोटरीवर खडू राहत नाही. तेव्हा पुन्हा लिहायचं, आठवणीनं.

त्या मंगळवारी हौदातून पाठोपाठ दोन मोटरी निघाल्या. दोन्ही सहा इंची बोअरच्या, दोन्हींना नुकताच हिरवा रंग मारलेला, दोन्हींच्या कंपनीच्या पट्ट्या कधीच गळून पडलेल्या. एक साडेसात एचपीची, अडावदच्या अलीकडच्या गावातल्या आबांची. दुसरी पाच एचपीची, तापीकाठच्या बापूंची. साडेसातची मोटर पाचपेक्षा चार बोटं लांब असते. मिस्त्रींच्या नजरेतून ते सुटलं नसतं. पण मिस्त्री तेव्हा एका शेतावर केबलचा जोड काढायला गेले होते. मालक दुपारच्या गाडीनं सुरतेला, मेहुण्याच्या घरी लग्नाला. दुकानात बावीस वर्षांचा पोऱ्या, आयटीआय झालेला, दीड वर्षापासून कामाला. त्यानं आठवणीनं नावं लिहिली आणि ती उलटी लिहिली. संध्याकाळपर्यंत दोन्ही मोटरी आपापल्या नव्या मालकांकडं रवाना.

रात्री साडेदहाचा फोन

शेतीची लाइन आमच्याकडं आठ तास असते, आणि ती दिवसा-रात्री आळीपाळीनं येते. त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती, दहाला येणार आणि पहाटे सहाला जाणार. आबांनी संध्याकाळीच माणसं लावून मोटर बोअरमध्ये सोडली होती. मोटर शनिवारी जळालेली, म्हणजे बागेला चौथा दिवस कोरडा. आबांची बाग केळीची, कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड), तीन हजार खोडं, नुकती निसवायला, म्हणजे घड बाहेर टाकायला लागलेली. केळी निसवत असताना पाण्याचा ताण पडला तर घड आखूड होतो, फण्या कमी पडतात आणि नंतर कितीही पाणी दिलं तरी ते भरून येत नाही. मे महिन्यात एका खोडाला दिवसाला वीस-पंचवीस लिटर पाणी लागतं. तीन हजारांचा हिशेब वाचणाऱ्यानं करावा.

दहाला लाइन आली, मोटर चालू झाली, दहा मिनिटांत ओव्हरलोडनं बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. साडेदहाला दुकानाच्या मोबाइलवर फोन आला. मालक बाहेरगावी गेले की तो मोबाइल पोऱ्याकडं असतो.

"पोरा, मोटर चालू व्हस नि बंद पडी जास."

पोऱ्याचं पहिलं उत्तर काय होतं? तेच, जे कोणत्याही दुकानातून येतं. "आबा, व्होल्टेज कमी असेल. सकाळी बघू."

हे त्यानं स्वतःहून मला सांगितलं, म्हणून पुढच्या गोष्टीवर माझा जास्त विश्वास बसला. आबा चिडून फोन ठेवणार, इतक्यात त्याच्या तोंडून सवयीनं प्रश्न गेला, "व्होल्टेज किती दाखवतंय?" आबांच्या पोरानं पॅनल उघडून सांगितलं, चारशेच्या वर. म्हणजे व्होल्टेजची पळवाट बंद. मग अँपिअर? साडेचौदा. नेहमी किती असतं? पॅनलच्या दाराला आतून पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, बारा.

पंप तोच (दुरुस्तीला नुसती मोटर येते), बोअर तोच, व्होल्टेज चांगलं, आणि मोटर अडीच अँपिअर जास्त ओढतेय. पोऱ्या म्हणाला, "आधी वाटलं बेअरिंग धरलं असंल. मग डोळ्यापुढं ओटा आला. दोन हिरव्या मोटरी." पाच एचपीच्या मोटरीच्या डोक्यावर साडेसातचा पंप बसला की ती दम लागल्यासारखी चालते, जास्त करंट ओढते, तापते. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारी) शहाणी म्हणून ती वाचली. आबांनी आणखी तीन-चार वेळा बटण दाबलं असतं, किंवा वैतागून रिलेचा काटा वर सरकवला असता (लोक सर्रास करतात), तर बापूंची मोटर रात्रीतच जळाली असती.

त्यानं मालकांना फोन लावला. सुरतेला हळदीचा डीजे. चार फोन गेले, उचलला नाही. मिस्त्रींना लावला नाही. का नाही लावला, याचं उत्तर त्याला आजही देता येत नाही. माझ्या मते ही त्याची त्या रात्रीची पहिली गफलत. मिस्त्री गावातच होते आणि त्यांच्या शब्दाला वजन आहे.

मग त्यानं आबांना परत फोन केला. ते वाक्य त्यानं मला जसंच्या तसं सांगितलं. "आबा, मोटर बंद ठेवा, आता बटण दाबू नका. चूक आमच्याकडून झालीय असं वाटतंय. मी निघतो."

"वाटतंय" हा शब्द त्यानं मुद्दाम वापरला का, मी विचारलं. तो म्हणाला, खात्री नव्हती, पण खात्री होईपर्यंत गप्प बसलो असतो तर आबांनी बटण दाबलं असतं.

बांधापलीकडचं पाणी

बारा वाजता तो शेतावर पोचला. खोल बोअरमधली मोटर रात्री एकट्यानं काढता येत नाही. त्याला चार माणसं, साखळी-कप्पी आणि उजेड लागतो. म्हणजे तो तिथं जाऊन करणार काय होता? त्याला स्वतःलाही नीट माहीत नव्हतं. आबांनी त्याला उभ्या उभ्या झाडला. "मना बाग वाळी जाई ना भाऊ!" पुण्यातल्या पुतण्याला फोन झालेला होता आणि पुतण्यानं ग्राहक आयोगाचं नाव काढलं होतं. पुतण्याचं चूक नव्हतं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, १९१५ वर फोन करून सल्लाही मिळतो. पण आयोगाच्या तारखेपर्यंत केळी थांबत नाही, हे आबांना पुतण्यापेक्षा जास्त कळत होतं.

या झाडाझडतीत पोऱ्या बोलून गेला, "आबा, तुमचे रिवाइंडिंगचे सगळे पैसे परत देतो." साडेसहा हजार. त्याच्या हातात नसलेले.

त्यानंतर त्यानं जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत हुशारीचं वाटतं. शेजारच्या शेतातून मोटरीचा आवाज येत होता. ते शेत आबांच्या चुलतभावाचं. चार वर्षांपूर्वी बांधावरून फाटलेलं, तेव्हापासून बोलणं बंद. पोऱ्याला हे ठाऊक होतं, कारण दोघेही दुकानाचे गिऱ्हाईक आणि एक आत असला की दुसरा बाहेर गाडीवर बसून राहतो. आबा त्या बांधापलीकडं पाणी मागायला मेले तरी गेले नसते. पोऱ्या बॅटरी घेऊन गेला. चुलतभाऊ खाटेवर जागेच होते. रात्रीच्या लाइनीच्या आठवड्यात झोपतं कोण?

"काका, आमच्या दुकानाची चूक झालीय. आबांना मोटर चुकीची गेली. तुमचं भरणं झालं की दुकानाला तीन तास पाणी द्या."

दुकानाला. आबांना नव्हे. काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तुझ्या दुकानासाठी देतो, त्याच्यासाठी नाही, हे त्याला सांग. पोऱ्यानं अर्थातच सांगितलं नाही.

तीन वाजता काकांचं भरणं संपलं. आबांच्या खोपीत अडीच इंची काळ्या पाइपाचं वेटोळं पडलेलं होतं, काकांचा व्हॉल्व्ह दोन इंची. रात्री तीन वाजता रिड्यूसर कुठून आणणार? सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून जोडावर गुंडाळली, वरून तार आवळली. तरी पाणी फुटायचंच. पहाटे सहाला लाइन जाईपर्यंत पोऱ्या आणि आबांचा पोरगा पाळीपाळीनं त्या जोडावर दोन्ही हातांनी गोणपाट दाबून बसले. बागेला पुरेसं पाणी काही झालं नाही, साठेक टक्के झालं असेल. पण ठिबकच्या नळ्या भरल्या आणि खोडापाशी ओल दिसली. सकाळी आबांच्या घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा आला तेव्हा आबांनीच त्याला म्हटलं, आधी खाऊन घे.

ग्राहकसेवेच्या प्रशिक्षणात 'माफी मागा, ऐकून घ्या, उपाय द्या' अशा पायऱ्या शिकवतात. मी एकदा जळगावला असल्या एका वर्गाला बसलो होतो. वाईट काही नाही त्यात. पण गिऱ्हाइकाला कुणापुढं हात पसरायला लाज वाटते, हे ओळखून ते मागणं आपल्या नावावर घ्यायचं, हे त्या पायऱ्यांत कुठंच नव्हतं.

बुधवार

सकाळी मिस्त्री आले, माणसं लावली, दुपारपर्यंत मोटर वर. टेपनं मोजली, पाच एचपी, बापूंची. आता आबांना साडेसातची मोटर पाहिजे, संध्याकाळच्या आत, म्हणजे दहाच्या लाइनीला पाणी चालू होईल. दुकानात साडेसातची एक जुनी, बदल्यात आलेली, नीट करून विकायला ठेवलेली मोटर होती. पोऱ्यानं ती टेम्पोत घातली आणि सात वाजेपर्यंत आबांच्या बोअरमध्ये उतरवली. रात्री दहाला लाइन आली, अँपिअर बारा.

इथं गोष्ट संपवली असती तर ती फार गोड झाली असती. पण ती जुनी मोटर लासूरकडच्या एका शेतकऱ्यानं हजार रुपये बयाणा देऊन धरलेली होती. बुधवारी दुपारी तो टेम्पो घेऊन आला, तर जागा रिकामी. पोऱ्या आणि मिस्त्री दोघे आबांच्या शेतावर, दुकानात दुसरा पोरगा, त्याला काही माहीत नाही. एक फोन करायचा राहिला होता. "तुमच्या मोटरीला दोन दिवस उशीर होईल", एवढंच सांगायचं होतं. तो माणूस बयाणा परत घेऊन गेला, तो आजतागायत आलेला नाही. एकाची अडचण सोडवताना आपण दुसऱ्याची उभी करतोय, हे धावपळीत सुचत नाही. पोऱ्याला हे अजून लागतं. आबांची गोष्ट तो मोकळेपणानं सांगतो, लासूरच्या माणसाचा विषय निघाला की रजिस्टर चाळायला लागतो.

तक्रार नसलेला गिऱ्हाईक

आता बापू. माझ्या मते खरी परीक्षा इथं होती.

बापूंच्या बोअरमध्ये आबांची साडेसातची मोटर गेली होती. मोठी मोटर छोट्या पंपाला लावली तर ती आरामात चालते. बापूंची काही तक्रार नव्हती. बुधवारी सकाळी पोऱ्यानं फोन केला तर ते खूश. "मोटर चांगली चाली राह्यनी, कसाले काढू?" आणि पुढं म्हणाले, या खेपेला मोटर जरा लांब दिखनी माले, म्हटलं तुम्ही नवीन काही बसवलं असंल.

दुकानापुढं सोपा रस्ता होता. बापूंना काही सांगायचंच नाही. आबांना ती जुनी मोटर कायमची देऊन टाकायची, बापूंची पाच एचपीची रंगवून विकायची. हिशेबात दोन-तीन हजारांचं नुकसान, डोक्याला त्रास नाही. मी दहा दुकानदारांना विचारलं असतं तर सात-आठ जणांनी हेच केलं असतं, आणि त्यांना मी लबाडही म्हटलं नसतं. मिस्त्रींचंही तेच मत होतं. चालू मोटरीला हात लावायचा नाही, असा त्यांच्या धंद्याचा नियम.

पोऱ्यानं फोनवरच सांगून टाकलं. "बापू, ती मोटर तुमची नाही."

बापू गप्प. मग रागावले. राग अदलाबदलीचा नव्हता. ऐन उन्हाळ्यात, लाइन आठ तास, त्यात मोटर काढायला अर्धा दिवस आणि सोडायला अर्धा दिवस, याचा होता. "मग मना काय चुकनं?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. चूक दुकानाची, आणि पाणी बंद होणार त्यांचं.

पोऱ्या गुरुवारी तापीकाठी गेला आणि दोन गोष्टी घेऊन आला. एक, बापूंचं वीज कनेक्शन पाच एचपी मंजूर भाराचं होतं. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ च्या एप्रिलपासून मोफत विजेची योजना आहे, त्यामुळं बिलाचा धाक आता तितका राहिलेला नाही. पण डीपीवर (शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर) आधीच नऊ जणांच्या मोटरी. त्यावर न सांगता भार वाढवला आणि डीपी जळाली तर दुरुस्त होऊन येईपर्यंत नऊही जणांची बाग वाळते. बापूंना हे पटलं, कारण मागच्या वर्षी त्यांच्या डीपीचं हेच झालं होतं. दुसरी गोष्ट जास्त कामाची. पोऱ्यानं मोटर आत्ता काढायचा आग्रहच धरला नाही. पाऊस पडला, भरण्याची गरज थांबली की जुलैत बदलू, काढायचा-सोडायचा खर्च दुकानाचा, तोवर ही मोटर तुमच्याकडं जळाली तरी दुकानाची. हे त्यानं पावतीपुस्तकाच्या पानावर लिहून सही करून दिलं.

या पानाबद्दल मालक आणि माझं एकमत नाही. मला वाटतं "जळाली तरी दुकानाची" हे लिहून देणं धाडसाचं होतं. एखाद्या बिलंदर माणसानं त्याचा फायदा घेतला असता. मालक म्हणतात, बापू बिलंदर नाहीत, आणि पोऱ्याला ते माहीत होतं. असेल. पण मी वह्या लिहिणारा माणूस, मला 'माहीत होतं' या खात्यावर नोंद करता येत नाही.

सुरतेहून परत

मालक गुरुवारी रात्री आले. पोऱ्यानं त्यांना सगळं त्याच रात्री सांगितलं, साडेसहा हजारांचं आणि लासूरच्या गिऱ्हाइकाचंसुद्धा. मालकांचा पहिला प्रश्न होता, "आबांचं पाणी सुरू आहे ना?" पैशाचं बोलणं दुसऱ्या दिवशी, दुकान बंद झाल्यावर, दोघंच असताना.

इथं मागची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पोऱ्याचं धाडस आभाळातून पडल्यासारखं वाटेल. त्याच वर्षी फेब्रुवारीत दुसऱ्या पोरानं एका शेतकऱ्याला चारऐवजी अडीच एमएमची केबल दिली होती. शेतकरी दुकानात येऊन ओरडत होता. मालकांनी त्या पोराकडं बोट दाखवलं नाही. "दुकानाची चूक झाली" म्हणाले, केबल बदलून दिली, आणि संध्याकाळी पोराला केबलच्या जाड्या पुन्हा एकदा दाखवल्या. आमचा पोऱ्या तेव्हा बाजूला उभा राहून बघत होता. मे महिन्यात रात्री साडेदहाला 'चूक आमच्याकडून झालीय असं वाटतंय' हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं, त्याला ही पार्श्वभूमी आहे. नाव उलटं लिहिणारा तोच होता. अशा वेळी भीतीपोटी माणूस फोन बंद करून झोपतो. तो घाबरलेला नव्हता असं नाही. घाबरूनच मोटरसायकलला किक मारली, असं तो म्हणतो. पण चूक कबूल केल्यावर काय होतं, ते त्यानं आधी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मालकांनी त्याला सांगितलं ते असं. पाणी चालू करायला जे लागेल ते तू करायचंस, त्याला विचारायची गरज नाही, तीन हजारांपर्यंत खर्च कर आणि नंतर सांग. पण रोख परत द्यायचा शब्द तू द्यायचा नाहीस. तो शब्द दिलास म्हणून मी पाळतो. आबांचं रिवाइंडिंग चोख झालेलं होतं, फक्त ती मोटर दुसऱ्याच्या बोअरमध्ये होती. साडेसहा हजार परत द्यायचं कारण नव्हतं. आणि मी नसेन तेव्हा पहिला फोन मिस्त्रींना.

रिट्झ-कार्ल्टन या हॉटेल साखळीत साध्या कर्मचाऱ्यालाही एका पाहुण्याची अडचण सोडवायला वरिष्ठांना न विचारता दोन हजार डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असते, हे व्यवस्थापनाच्या वर्गांत हमखास सांगतात. आमच्या मालकांनी ते नाव ऐकलेलं नाही. त्यांनी तीन हजारांचा आकडा कसा काढला? मोटर एकदा काढणं-सोडणं, टेम्पो, आणि वर थोडे. म्हणजे एका चुकीची धाव जिथवर जाते तिथवर. डॉलरच्या आकड्यापेक्षा मला हे गणित जास्त समजतं.

'चूक नीट निस्तरली तर गिऱ्हाईक आधीपेक्षा जास्त घट्ट होतो' असाही एक सिद्धांत आहे, १९९२ पासून त्यावर अभ्यासक लिहीत आलेत. त्याबद्दल आमच्या प्रकरणाची साक्ष अशी आहे : आबांना पैसे परत मिळाले, पाणी मिळालं, बाग वाचली, आणि ऑगस्टमध्ये त्यांनी नवीन पाइप समोरच्या दुकानातून घेतला, फुटाला दोन रुपये स्वस्त होता म्हणून. मोटर मात्र आमच्याकडंच आणतात. बापूंची एका पैशाचीही भरपाई झाली नाही, उलट त्रास झाला. त्यांनी दिवाळीपर्यंत तीन गिऱ्हाइकं पाठवली. मी यातून काही सिद्ध करायला जात नाही.

बिल्ले

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला तेव्हा दोन्ही मोटरी निघाल्या आणि आपापल्या बोअरमध्ये गेल्या. खर्च ३,६००. जुनी मोटर दुकानात परत आली. बापूंनी पावतीपुस्तकाचं ते पान घडी घालून पाकिटात जपून ठेवलं होतं. मोटर उतरल्यावर त्यांनी ते पोऱ्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, आता फाड.

खडू बंद झाला. पत्र्याचे गोल बिल्ले कापून त्यावर ठोकून आकडे काढलेत, एक ते चाळीस. मोटर आली की बिल्ला तारेनं मानेला बांधायचा, तोच आकडा रजिस्टरात, शेजारी एचपी आणि टेपनं मोजलेली लांबी. हौदात बुडवा, रंग मारा, बिल्ला हलत नाही. एकूण खर्च साडेतीनशे रुपये. ही कल्पना मिस्त्रींची. ते म्हणतात मी दहा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. मालक म्हणतात सांगितलं नव्हतं. या वादात मी पडत नाही.

माझ्यापुरता प्रश्न वहीचा होता. हे सगळे पैसे 'किरकोळ खर्च' खात्यावर मला नको होते. दुरुस्ती खर्चातही ते बसत नव्हते, आणि मालकांचा मेहुणा म्हणाला तसं 'जाहिरात' लिहायला माझा हात धजेना. शेवटी वेगळं खातं उघडलं, नाव दिलं 'आमच्या चुका'. मालकांनी एकदा वर बघितलं आणि चालेल म्हणाले. ऑगस्टपासून त्यात अकरा नोंदी झाल्या. मोठी एकच, बाकी दीडशे-दोनशेच्या. रोजमेळातल्या या नोंदी ज्यानं खर्च केला त्यानंच लिहायच्या, असं ठरलंय. परवाची शेवटची नोंद पोऱ्याच्या अक्षरात आहे : 'पेट्रोल ६०. मिस्त्रींचा पाना घुमावलच्या शेतावर राहिला नव्हता, माझ्याच पिशवीत होता.'